आरसे, दिवा आणि नरसाळं

आमच्या मोटारसायकलला सहा आरसे आहेत. दोन हँडलच्या टोकांना, दोन त्यांच्या खाली आतल्या बाजूला वळवलेले, एक फुगीर गोल आरसा टाकीच्या पुढे, आणि सहावा, जो मुळात दाढीचा आहे, तो हेडलाइटच्या डोक्यावर. समोर दुकानातच राहणारे टेलर तिला 'सलून' म्हणतात. सकाळी हे गाडी बाहेर काढायला लागले की ते दुकानाच्या पायरीवरून ओरडतात, "काय साहेब, नंबर लावू का? कटिंग करणार की नुसतीच दाढी?" हे हसून हात करतात. टेलर काय म्हणाले ते त्यांना ऐकू आलेलं नसतं.

हे म्हणजे आमच्या टकळीचे बाबा. छापखान्यात मशीनमन आहेत. मिसरूड फुटल्यापासून आजपर्यंत त्या धडधडणाऱ्या मशीनशेजारी उभे राहिलेत. टकळी ही आमची एकुलती एक लेक. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण बोलायला लागल्यापासून तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नाही, म्हणून बाबांनीच तिला टकळी करून टाकलं. आता ती हॉस्पिटलात नर्स आहे, आणि तिथे तिला पेशंटसुद्धा कधी कधी म्हणतात, सिस्टर, इंजेक्शन द्या पण जरा गप्प बसून द्या.

गाडी मूळची छापखान्याच्या मालकांची. गोदामात कागदाच्या रिळांमागे धूळ खात पडली होती. ह्यांनी ती मागून घेतली आणि ढकलत ढकलत घरी आणली. मी दारातून म्हटलं, "हे काय घेऊन आलात?"

"चालेल."

"कधी?"

"चालेल गं."

आणि चालली. मात्र कारखान्यातून निघाली होती तशी राहिली नाही. सायलेन्सरला भोक पडलं तेव्हा त्यावर माझ्या बिस्किटांच्या डब्याचं झाकण कापून, वाकवून, पट्टीने आवळून बसवलं. झाकणावर गुलाब छापलेले होते. ते पुढे कितीतरी दिवस तापून तापून तपकिरी होत गेले. पाय ठेवायच्या रबरांच्या जागी माझ्या जुन्या चपलांचे तळवे आहेत. सीटच्या फाटलेल्या भागाला टेलरांनी रेनकोटच्या कापडाचं ठिगळ मारलंय. बॅटरी हलू नये म्हणून ती सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेली आहे. घरातली एखादी वस्तू दिसेनाशी झाली की मी ती आधी गाडीवर शोधते, मग कपाटात. एकदा कपडे वाळत घालायच्या चिमट्याची स्प्रिंग पायाच्या ब्रेकला लावलेली सापडली होती. चांगलं काम करत होती, म्हणून मी ती तिथेच राहू दिली.

मेकॅनिककडे जायला ह्यांना कमीपणा वाटतो असं नाही. पण दुसऱ्याच्या हातून ती बरी झाली तर मग आपली कसली, असं काहीतरी त्यांच्या मनात असतं.

आरसे नंतर आले. त्याआधी हॉर्नचं झालं.

एका संध्याकाळी हे कामावरून येत असताना गल्लीच्या तोंडाशी हॉर्नचं बटण अडकलं आणि हॉर्न जो सुरू झाला तो थांबेना. सगळ्या खिडक्या उघडल्या. लोक दारात आले. एवढा गोंगाट करत हे मात्र अगदी संथपणे गल्लीतून येत होते, आणि लोक आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर दोन्ही बाजूंना मान झुकवत, नुकतेच निवडून आल्यासारखे.

टेलर ओरडले, "अहो साहेब, हॉर्न! हॉर्न!"

"नमस्कार, नमस्कार," हे म्हणाले.

गाडी थांबवून उतरताना त्यांचा हात हँडलवर टेकला आणि तिथेच राहिला. हाताला हॉर्नची थरथर जाणवली असणार. त्यांनी खाली वाकून वायर ओढून काढली. गल्ली एकदम शांत झाली. मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, "बटण अडकलं होतं. मला माहीत होतं. म्हटलं, रस्त्यात कुठे थांबायचं, घरी जाऊनच काढू."

टेलर पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही.

चहा करताना मी मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून विचारलं, "चहात साखर घालू की मीठ?"

"हो. थोडंच," हे म्हणाले.

मी वळले. माझा चेहरा बघून त्यांना कळलं की काहीतरी चुकलं. त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि बराच वेळ त्या घडीवरून बोट फिरवत बसले.

"कधीपासून?" मी त्यांच्यासमोर बसून विचारलं.

"आधी पाखरं गेली," ते म्हणाले. "मग दारावरची बेल. आता समोर बसून कुणी बोललं तर तोंडावरून कळतं. मशीनवर काही अडत नाही. तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही."

"डॉक्टरांना दाखवू या."

"दाखवू. पण टकळीला सांगू नकोस."

का, ते त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. त्यांचे वडील उतारवयात ठार बहिरे झाले होते. वाईट कुणीच वागलं नाही त्यांच्याशी. पण ओरडून सांगायचा माणसांना कंटाळा येतो. घरात कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नोकरी लागली, शेजारचं कुणी गेलं, सगळं त्यांना शेवटी कळायचं, आणि कधी कधी कळायचंच नाही. "मी स्वतः त्यांच्याशी काय बोलायचो माहितीये? जेवायला चला. औषध घ्या. दिवे मालवतोय. बास. त्यांचा मुलगा होतो मी, आणि एवढंच बोलायचो." मग थांबून म्हणाले, "टकळी रोज मागे बसून बोलते. हॉस्पिटल येईपर्यंत बोलते. तिला कळलं तर बंद करेल. मुद्दाम नाही करणार. पण करेल."

"पण तुम्हाला ऐकू येतच नाही तर..."

"हसली की पाठीला कळतं," ते म्हणाले. "मग मी पण हसतो."



दुसऱ्या दिवसापासून गाडीवर त्यांचे उद्योग सुरू झाले. आधी हॉर्नच्या वायरला जोडून एक तांबडा दिवा आला, बोराएवढा. हॉर्न वाजत असला की तो पेटतो, म्हणजे वाजतोय हे डोळ्यांना कळतं. मग आरसे, एकेक करून, भंगारवाल्याकडच्या ढिगातून शोधून आणलेले. मग इंजिनाचं. पूर्वी ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, टॅपेट ढिले झालेत, चेन ताणायला झालीय. आता लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरतात. डोळे मिटून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, गाडी ह्यांच्या कानात काहीतरी सांगतेय आणि ते कुणाला सांगायचं नाहीये. इंजिन जागेवर नीट फिरतंय का ते बघायला सीटवर काचेचा ग्लास ठेवतात, पाण्याने अर्धा भरलेला. पाण्यावरच्या लाटा बारीक आणि सारख्या आल्या की कार्बुरेटरचा स्क्रू बरोबर बसला.

टकळीला ह्या सगळ्याची गंमत वाटायची. "बाबांना छंद लागलाय," ती सगळ्यांना सांगायची. "आता पुढे पंखे लावणार आहेत, मग आम्ही उडतच जाऊ."

मला मात्र घास गोड लागेना. तिची ड्यूटी पहाटेची, त्या वेळेला बस नसते, म्हणजे रोज तीच गाडी आणि तेच चालवणारे. मी ह्यांच्याशी भांडले. मागून ट्रक आला तर? कुणी हॉर्न दिला तर? शेवटी एका रविवारी त्यांनी मला म्हटलं, "बस मागे."

मी बसले. पदर कमरेला खोचून, दोन्ही हातांनी त्यांना धरून. शहराबाहेरच्या रस्त्याला लागल्यावर ते सारखे एका आरशातून दुसऱ्या आरशात बघत होते, त्यांची नजर अशी फिरत होती जशी मशीनवर कागद धावताना फिरते. "मागून टेम्पो येतोय," ते म्हणाले. मी मान वळवून पाहिलं. अजून आवाजही आला नव्हता. त्यांनी गाडी बाजूला घेतली, टेम्पो गेला. मग एक स्कूटर, मग ट्रक, प्रत्येक वेळी माझ्या आधी त्यांना कळलं. परत आल्यावर मी भांडण सोडलं. माझी निम्मी काळजी त्या सहा आरशांत विरघळली. उरलेली निम्मी कुठल्याच आरशाने गेली नसती. रोज पहाटे दोघं निघाली की मी फाटकाशी उभी राहते, गाडीचा आवाज पुलापलीकडे जाऊन विरेपर्यंत. ते ऐकू शकत नाहीत म्हणून त्यांच्या वाटचं मी ऐकते, असं काहीसं.

टकळी मागे बसते ती पुढे झुकून, तोंड त्यांच्या हेल्मेटपाशी नेऊन. दोन्ही हात मोकळे, कारण बोलताना हात लागतात. काल कोण पेशंट आला, मेट्रन कुणाला काय बोलल्या, कँटीनमधला चहा कसा होता. हेल्मेट अधूनमधून हलतं. फाटकातून बघताना मला वाटायचं, दोघांचं किती छान चाललंय. आणि मग आठवायचं, की एकाचंच चाललंय.

असं जवळजवळ वर्ष गेलं.

मग गेल्या महिन्यात एका दुपारी टकळी ड्यूटीवरून आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "आई, ती माझी मोठी बॅग कुठेय गं? चेन बिघडलेली."

मी वाळलेले कपडे घडी करत होते. "कशाला हवीय?"

"अगं, जायचंय ना."

"कुठे?"

ती थांबली. "बाबांनी सांगितलं नाही तुला?"

मग तिने सांगितलं. दुसऱ्या शहरात, रात्रभर बसचा प्रवास करून जावं लागेल इतक्या लांब, एक मोठं हॉस्पिटल आहे. तिथे भाजलेल्या माणसांसाठी वेगळा विभाग आहे. मेट्रननी तिचं नाव सुचवलं होतं. आधी प्रशिक्षण, मग तिथेच कायमची नोकरी. हे काम शिकायचं असं तिने कधीपासून मनात धरलं होतं. शनिवारपर्यंत कळवायचं होतं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू काळजी करत बसली असतीस. म्हटलं, बाबांना विचारू. बाबा हो म्हणाले की ते तुला समजावतील."

"आणि ते हो म्हणाले?"

"हो."

"काय म्हणाले नक्की?"

"बाबा कधी काही म्हणतात का? पुलावर विचारलं मी. जाऊ का बाबा म्हणून. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा अशी जोरात मान हलवली." तिने हलवून दाखवली. "मला रडूच आलं मागे बसून. त्यांनाही कळलं असणार, कारण त्यांनी गाडी हळू केली."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. त्या पुलाला सांधे आहेत. थोड्या थोड्या अंतरावर लोखंडी पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीवर गाडी उडते. मी त्यावरून गेलेय. त्या पुलावर सगळ्यांचीच मान हलते. आणि पूल संपतो तिथे गतिरोधक आहे.

"बॅग माळ्यावर आहे," मी म्हटलं.

संध्याकाळी टकळी टेलरांकडे बॅगची चेन बदलायला गेली तेव्हा मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. सीटवर पाण्याचा ग्लास होता. हे उकिडवे बसून स्क्रू पाव पाव फिरवत होते, डोळे पाण्यावर. मी हात पुढे करून इंजिन बंद केलं आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या बाजूला बसले, तोंड दिसेल असं.

"तुम्ही टकळीला हो म्हणालात."

"कशाला?"

"मला विचारताय?"

मी सगळं सांगितलं. हळू, एकेक शब्द. सांगून झाल्यावर त्यांनी सीटवरचा ग्लास उचलला आणि त्यातलं पाणी पिऊन टाकलं.

"कुठल्या पुलावर?"

"आपल्याकडे एकच पूल आहे."

"रडली म्हणाली?"

"हो."

"मला वाटलं, शिंका येतायत तिला," ते म्हणाले. "पाठीला काहीतरी कळलं. थंडी असेल म्हटलं."

शेडमध्ये पेट्रोलचा वास होता. त्यांनी ग्लास पालथा करून फडक्यावर ठेवला.

"खूश आहे ना ती?"

"खूप."

"मग झालं तर. हो म्हणालोय ना, मग हो. शब्द काय फिरवायचा."

"अहो, पण तुम्ही ऐकलंच नाहीत! लेक चालली घर सोडून आणि बापाला बायकोकडून कळतंय."

मी हे बोलले मात्र, आणि वाटलं बोलायला नको होतं. त्यांच्या वडिलांबद्दल त्यांनी जे सांगितलं होतं तेच आता त्यांच्यापुढे येऊन बसलं होतं. ते स्क्रू ड्रायव्हर एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले.

"तिला खरं सांगा," मी म्हटलं.

"काय सांगू? वर्षभर मागे बसून बडबडलीस ती हवेला ऐकवत होतीस? तिला काय वाटेल गं? मला लपवल्याची लाज नाही वाटत. तिने इतकं सांगितलं आणि मी नुसता डोकं हलवत होतो, ह्याची वाटते."

"आणि ती तिकडे गेली की फोन करेल रोज. मग? फोनवर खड्डे नसतात."

 आणि मग त्यांना हसू आलं. येऊ नये म्हणून आवरत होते तरी आलं. मलाही आलं. दोघं त्या गाडीच्या दोन बाजूंना बसून हसत होतो, आणि हसता हसता त्यांनी फडक्याने डोळे पुसले, तेव्हा गालावर काळा पट्टा उमटला.

दुसऱ्या दिवशी ते टकळीला म्हणाले, "तुमच्याकडे जुना स्टेथोस्कोप असेल का? मोडका चालेल. इंजिन तपासायला."

टकळी खूश. "बाबा, गाडीला ताप आलाय का?" ती दुपारी येताना एक घेऊनही आली, नळी चिरलेला, टाकून द्यायला काढलेला. त्यांनी त्याची चिरलेली नळी आणि पुढची चकती काढून टाकली, कानात घालायच्या दांड्या तेवढ्या ठेवल्या. मग गवंडी लोक पातळी बघायला पाण्याची लांब पारदर्शक नळी वापरतात, तसल्या नळीचा तुकडा कुठून तरी आणला. माझ्या तेलाच्या नरसाळ्याकडे ते दोनदा बघून गेले. तिसऱ्यांदा मीच काढून हातात दिलं.

दोन संध्याकाळी शेडमध्ये काम चाललं. नळीचं एक टोक नरसाळ्याला, गरम पाण्यात मऊ करून चढवलेलं. दुसरं टोक स्टेथोस्कोपच्या दांड्यांना. नळी घसरू नये म्हणून जाकिटाच्या पाठीवर टेलरांकडून तीन कापडी फासे शिवून घेतले. टेलर म्हणाले, "वहिनी, आता साहेब गाडीवर हुक्का ओढणार वाटतं." हेल्मेटच्या आतला स्पंज कानापाशी कोरून काढला, दांड्या आत बसतील असा. त्यातली एका कानाची दांडी मात्र बोळ्याने बंद केली. का, विचारल्यावर म्हणाले, "ह्या कानात काही उरलं नाहीये. दुसऱ्याला मदत करू दे."

शुक्रवारी पहाटे टकळी युनिफॉर्मवर स्वेटर घालून बाहेर आली. हे गाडीजवळ उभे होते, पाठीवरून नळी लोंबत होती. त्यांनी नरसाळं तिच्या हातात दिलं.

"हे काय?"

"यात बोलायचं."

ती हसायला लागली. "बाबा, हे कुठलं नवीन? आता हॉस्पिटलात गेल्यावर मला..."

"वारा फार असतो. नीट ऐकू येत नाही."

"इतके दिवस येत होतं ना?"

ते सीट पुसायला लागले. पुसलेली सीट परत पुसली. मग तिच्याकडे तोंड करून म्हणाले, "नाही."

टकळीच्या हातातलं नरसाळं खाली आलं. तिचं तोंड मिटलेलं मी त्या दिवशी पाहिलं.

"पुलावर विचारलं तेव्हा?"

"नाही."

"मग मान का हलवलीत?"

"खड्डा होता," हे म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. मी फाटकाची कडी धरून उभी होते. "आई, तुला माहीत होतं?"

मी मान हलवली. माझ्या पायाखाली पूल नव्हता.

ती रागावली. रागावली की ती स्वेटरच्या बाह्या वर करते, तशा केल्या. परत खाली केल्या. मग सहा आरशांकडे एकेक करून बघत गेली, मग त्या तांबड्या दिव्याकडे. नर्स आहे ती. एवढं बघितल्यावर तिला सांगायला काही उरलं नव्हतं. उशीर होत होता. ती मागे बसली, नरसाळं मांडीवर ठेवून. दोघं गेली. मी आवाज ऐकत राहिले. पुलाच्या अलीकडे आवाज थांबला.

मी फाटक तसंच टाकून चपला न घालता रस्त्यापर्यंत धावले. डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं. टेलर दुकान उघडत होते, म्हणाले, "वहिनी, काय झालं?"  तेवढ्यात परत किकचा आवाज आला, गाडी सुरू झाली आणि पुलापलीकडे निघून गेली.

तिथे काय झालं ते मला मग दोघांकडून कळलं, आणि दोघांचं थोडं वेगवेगळं आहे. टकळी म्हणते, तिने पूल येईपर्यंत एक शब्द काढला नाही. हे म्हणतात, पहिला शब्द तिने असा ओरडून टाकला की गाडी हातातून सुटायची बाकी होती. "कान फोडशील! हळू बोल, मी काय समुद्रापलीकडे आहे?" असं ते म्हणाले, हे दोघांनाही मान्य आहे.

पुलाच्या तोंडाशी ह्यांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली. पट्ट्यांवर चढायच्या आधी. हेल्मेट काढलं नाही, मागे वळलेही नाहीत. म्हणाले, "आता विचार."

तिने नरसाळ्यात तोंड घालून विचारलं, "बाबा, मी जाऊ का?"

"ऐकू आलं," ते म्हणाले. आणि मग बराच वेळ काही नाही. टकळी म्हणते, तिला वाटलं नळी निघाली.

"जाऊ नयेस असं वाटतं," शेवटी ते म्हणाले. "तू गेलीस की सकाळी मागे वजन राहणार नाही."

"मग मी नाही जात. तुमचं असं असताना..."

"थांब. माझं बोलून होऊ दे, मी तुझं वर्षभर मधे न बोलता ऐकलंय." इथे टकळी हसली म्हणे, आणि त्यांना ते पाठीलाही कळलं आणि कानालाही. "वाटतं ते सांगितलं. आता ठरवलंय ते सांगतो. जा. माझ्या कानांसाठी थांबू नकोस. थांबलीस म्हणून कान काही परत येणार नाहीत, नोकरी मात्र जाईल. फक्त फोन करायचा तर असा कर, ज्यात तोंड दिसतं."

ती पाठीला डोकं टेकून बसली. मग त्यांनीच विचारलं, "आणि इतके दिवस काय काय सांगत होतीस?"

"सगळंच."

"म्हणजे?"

"बाबा, वर्षभराचं आहे ते."

"मग सुरुवातीपासून सांग," ते म्हणाले, आणि किक मारली.

शनिवारी तिने होकार कळवला. सोमवारी ती ह्यांना स्वतः कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मशीन लावायचं ठरलंय; थोडाफार फरक पडेल म्हणाले, फार आशा धरू नका. नमुन्याचं मशीन ह्यांनी हातावर घेऊन उलटसुलट केलं आणि डॉक्टरांना विचारलं, "उघडतं कसं हे?" टकळीने ते काढून घेतलं.

तिला जायला अजून थोडे दिवस आहेत. बॅग भरून दाराशी ठेवलीय, नवी चेन लावलेली. मी रोज त्यात काहीतरी घालते आणि ती रोज ते काढते. काळजी करायला मला आता नवीन जागा मिळाल्या आहेत, लांबच्या बसची, तिकडच्या खोलीची, तिथे रात्रीच्या ड्यूटीनंतर हिला कोण आणून सोडेल ह्याची.

सकाळी दोघं आता बरीच लवकर निघतात. ड्यूटीची वेळ तीच आहे, पण हे मुद्दाम लांबच्या रस्त्याने जातात. टकळी नरसाळं कर्ण्यासारखं तोंडाला लावून बसते, टेलर तिला "पोलीस आले, पोलीस आले" म्हणून चिडवतात, आणि फाटकातून मला हेल्मेट हलताना दिसतं. कधी हलत नाही, कधी जोरजोरात नाही म्हणून हलतं. भांडत असावीत.

परवा हे तिला सोडून परत आले, हेल्मेट काढायच्या आधीच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. दांड्या कानात तशाच होत्या, नळी खांद्यावर.

"अगं, तुला माहितीये का," ते म्हणाले, "पहिल्या दिवशी वॉर्डात हिला चक्कर आली होती! पट्टी बदलताना. एका म्हाताऱ्या पेशंटनेच हिला धरून बसवलं, पाणी पाजलं, आणि कुणाला सांगत नाही म्हणाला."

मला माहीत होतं. टकळीने त्याच दुपारी सांगितलं होतं.

मी गॅस बारीक केला, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि म्हटलं, "हो का? मग?"